मुलींच्या संघाचा प्रवासखर्च : निधी गोळा करण्याआधी घरची मर्यादा ठरवावी

कोथरूड येथील एका वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आठवीत असून एका खासगी अकादमीच्या फुटबॉल संघात खेळते. संघात १६ मुली आहेत. या हंगामासाठी प्रशिक्षकांनी डिसेंबरमध्ये गोवा, जानेवारीत कोलकाता आणि मे महिन्यात दिल्ली असे तीन दौरे आखले आहेत. त्यांचा खर्च प्रत्येक मुलीमागे अनुक्रमे १२,०००, २२,००० आणि २४,००० रुपये, म्हणजे एकूण ५८,००० रुपये आहे. पतिपत्नींचा हातात येणारा पगार ९२,००० रुपये असून गृहकर्जाच्या ३१,००० रुपयांच्या हप्त्यासह सर्व खर्च भागवून महिन्याला सुमारे १२,००० रुपये शिल्लक राहतात. ३ लाखांची मुदत ठेव आणि मुलीच्या नावाचे सुकन्या समृद्धी खाते आहे. पालकांनी मिळून निधी उभारण्याचे ठरवले असून तो या भगिनींच्या खात्यावर जमा करावा, असे सर्वांनी सुचवले आहे. ठेव मोडावी, कर्ज घ्यावे की निधीवर विसंबून राहावे, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी मन लावून खेळते आहे आणि तिचे दौरे पैशांअभावी अडू नयेत अशी आपली तळमळ आहे, ती मला पूर्णपणे पटते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की या वर्षी आपण तीनऐवजी दोन दौऱ्यांना होकार द्यावा, घरातून जास्तीत जास्त ३०,००० रुपये द्यायचे असे आजच ठरवावे, आणि निधीचे पैसे आपल्या वैयक्तिक खात्यावर घेण्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

आधी घरचा विचार करू. आपला महिन्याचा खर्च हप्त्यासह ८०,००० रुपयांच्या आसपास आहे, म्हणजे ३ लाखांची ठेव ही चार महिन्यांचीही तजवीज नाही. नोकरी गेली किंवा आजारपण आले तर हाताशी तेवढीच रक्कम आहे, म्हणून तिला हात लावू नये. सुकन्या खात्यातून मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा १८ वर्षांची झाल्यावर, तेही शिक्षणासाठीच, शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, त्यामुळे दौऱ्यासाठी तो मार्ग बंदच आहे. वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर ५८,००० रुपयांवर सुमारे ८,००० रुपये व्याज जाईल. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या हंगामाचा खर्च समोर येईल तेव्हाही या हंगामाचे हप्ते चालूच असतील. या महिन्यापासून डिसेंबरपर्यंत दरमहा ५,००० रुपये वेगळे काढले तर सहा महिन्यांत ३०,००० रुपये जमतील आणि घरची घडी विस्कटणार नाही. मर्यादा म्हणून मी हाच आकडा धरला आहे.

कोणता दौरा वगळायचा हे केवळ खर्चावरून ठरवू नये. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीवर मिळतात. खासगी आयोजकांनी निमंत्रण देऊन भरवलेल्या स्पर्धा खेळाच्या अनुभवासाठी कितीही चांगल्या असल्या तरी त्यात सहसा धरल्या जात नाहीत. तिन्हींपैकी कोणती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे, हे प्रशिक्षकांकडून लेखी विचारावे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून पडताळून घ्यावे. आपल्या पत्रावरून दिल्लीची स्पर्धा निमंत्रितांची दिसते आणि तीच सर्वांत महाग आहे, म्हणून पुढचा हिशेब मी ती वगळून मांडतो.

दोन दौऱ्यांचा खर्च प्रत्येकी ३४,००० रुपये, म्हणजे संघाचा ५,४४,००० रुपये होतो. प्रत्येक कुटुंबाने २०,००० रुपये भरले तर ३,२०,००० रुपये जमतात आणि २,२४,००० रुपये उभे करायचे राहतात.

पुण्यात यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग मला दिवाळीच्या फराळाचा वाटतो, कारण लोक तो एरवीही विकत घेतातच आणि कोणाकडे मदत मागितल्यासारखे होत नाही. मात्र फराळ घरोघरी तळण्याऐवजी अन्नसुरक्षा नोंदणी असलेल्या एखाद्या बचत गटाकडून त्यांच्याच लेबलसह घ्यावा आणि ऑगस्टअखेरीस भाव पक्का करावा. एक किलोचा डबा ४३० रुपयांना पडला आणि ६०० रुपयांना विकला तर १७० रुपये सुटतात. ५०० डब्यांचे ८५,००० रुपये होतात, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला सुमारे ३१ डबे खपवावे लागतील. आगाऊ पैसे घेतल्याशिवाय मागणी नोंदवू नये, नाहीतर उरलेले डबे पालकांच्याच गळ्यात पडतात. दुसरा मार्ग म्हणजे टर्फवर एका दिवसाची स्पर्धा भरवणे. २४ संघांकडून प्रत्येकी २,५०० रुपये घेतले आणि मैदान व बक्षिसांवर ३५,००० रुपये गेले तर २५,००० रुपये उरतात.

परिसरातील दुकानदार किंवा डॉक्टर यांच्याकडून प्रायोजकत्व घेताना रोख रक्कम मागण्याऐवजी त्यांनी जर्सीवाल्याचे किंवा बसवाल्याचे बिल स्वतःच्या व्यवसायाच्या नावाने थेट भरावे, असे सुचवावे. जर्सीवर त्यांचे नाव छापले जाते, त्यांना तो जाहिरातखर्च म्हणून दाखवता येतो आणि पैसा कोणाही पालकाच्या हातातून जात नाही. असे तिघे प्रत्येकी २५,००० रुपयांचे मिळाले तर फराळ, स्पर्धा आणि प्रायोजक मिळून एकूण १,८५,००० रुपये होतात. उरलेले ३९,००० रुपये १६ घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २,४५० रुपये पडतील. समजा सगळे अंदाज निम्म्यावर आले, तरी आपला एकूण भार २८,२०० रुपयांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आतच राहतो.

आता खात्याविषयी. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून मोबदल्याशिवाय मिळालेली रक्कम वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा अधिक झाली, तर ती संपूर्ण रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. देणग्या आपल्या खात्यावर आल्या तर ही रक्कम आपली नाही, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येईल. नोंदणीकृत संस्था नसल्यामुळे आपला गट देणगीदारांना करसवलतीसाठी लागणारी ८०जी ची पावतीही देऊ शकत नाही. अमेरिकेत स्थायिक होऊन तिथले नागरिकत्व घेतलेल्या आप्तांकडून गटासाठी पैसे घेणे तर विदेशी योगदान कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे ते टाळावे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधीही नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो. म्हणून या वर्षी देणग्या मागूच नयेत. विक्री, स्पर्धा आणि थेट बिल भरणारे प्रायोजक एवढ्यावरच थांबावे. तिघा पालकांचे संयुक्त खाते उघडून दोन सह्यांचे बंधन ठेवावे आणि दर महिन्याला हिशेब सर्वांना पाठवावा. दौरे दरवर्षी होणार असतील तर किमान सात सभासदांची संस्था नोंदवून धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदणी करून घेणे योग्य ठरेल. गटात कोणी लकी ड्रॉची तिकिटे विकण्याचे सुचवले असेल तर त्याला संमती देऊ नये, कारण राज्य सरकारच्या परवानगीशिवाय सोडत काढणे हा गुन्हा आहे.

आपल्या गटातील एक प्रस्ताव मला विशेष खटकला. जो जितके डबे विकेल तितकी सूट त्याच्याच मुलीला द्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. ज्या मुलीची आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते, तिने ३१ डबे कोणाला विकायचे? मैदानावर त्या मुली एकमेकींना पास देतात, त्यांचा निधीही एकत्रच असावा. शिल्लक समान वाटावी, आणि ज्या एक-दोन घरांना २०,००० रुपये झेपणार नाहीत त्यांच्यासाठी आधीच थोडी रक्कम बाजूला ठेवावी. ती कोणाला दिली हे फक्त खाते सांभाळणाऱ्या तिघांनाच माहीत असावे. मुलगी मध्येच संघ सोडून गेली तर काय परत मिळेल, हेही पहिल्या बैठकीत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

प्रवासखर्च कमी करणेही आपल्या हातात आहे. गोव्याला पुण्याहून थेट रेल्वे आहे आणि कोलकात्यासाठी हावड्याला आझाद हिंद एक्सप्रेस जाते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे कोलकात्याचा निर्णय नोव्हेंबरमध्येच घ्यावा लागेल. तोपर्यंत फराळाचा हिशेब हाती आलेला असेल. त्या दिवशी संयुक्त खात्यात आणि कुटुंबांच्या हप्त्यांत मिळून कोलकात्याचा पूर्ण खर्च जमा नसेल, तर तिकिटे काढू नयेत आणि प्रशिक्षकांना तसे आत्ताच सांगून ठेवावे.