चेंबूरच्या गोल्फ कोर्सवर नव्याने उतरताना

अरे, पहिले काही महिने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची ती काठी, बॅगेतच राहू दे. आपला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचा कोर्स १९२७ पासूनचा, नुसत्या ताकदीला तो भीक घालत नाही. दोन्ही बाजूंनी झाडं, मधून फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताची पट्टी. चेंडू जरा वाकडा गेला की खोडाला आपटून भलतीकडेच. अशा वेळी फांद्यांमधल्या फटीतून मारायचा मोह आवर. आडवा चिप, म्हणजे छोटा हलका फटका मारून मोकळ्यात ये. एक फटका जातो, पण होल, म्हणजे त्या खड्ड्यापर्यंतचा डाव, हातात राहतो.

कोर्सची पुढे नव्याने आखणी केली पीटर थॉमसनने. पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला हा खेळाडू दांडगाईपेक्षा डोक्याने खेळणारा. त्यामुळे टीवरच, म्हणजे पहिला फटका मारतोस तिथेच ठरव, ग्रीनकडे, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे, कुठून जायला सोपं पडेल, आणि चेंडू त्या बाजूला ठेव.

पावसाळ्यात मात्र चेंडू पडेल तिथेच रुततो, घरंगळत नाही. एक क्लब मोठा घे, म्हणजे जरा लांब मारणारी काठी.

बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या कॅडीचं ऐक, मनापासून सांगतो. ग्रीनचा उतार त्याच्या पायांना माहीत असतो.

आणि पिच मार्क, म्हणजे चेंडू आदळून ग्रीनवर पडलेला खळगा, बुजवताना माती खालून उचकटू नकोस, मुळं तुटतात. कडेचं गवत खळगा बुजवायच्या छोट्या काट्याने मध्याकडे ढकल, मग पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायच्या काठीने, हलकेच थोपट.