एका वर्षाचा कॉम्प्युटर कोर्स की तीन वर्षांचा डिप्लोमा?

"सर, एका वर्षात होतंय म्हणालेत की. आणि डिप्लोमाचं सर्टिफिकेट पण देतात." बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचा हा प्रश्न. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालेली, ६२५ पैकी ४१२, गणितात ५८. तिला कॉम्प्युटरच शिकायचा होता. घरच्यांना धास्ती खर्चाची आणि इंग्रजीची. हातात एका खासगी क्लासचं पत्रक.

अशा पत्रकात फीच्या आधी बघायचं ते सर्टिफिकेट कोण देणार. क्लास स्वतःच्या नावानं देत असेल तर टायपिंग, टॅली शिकून होईल, एखाद्या दुकानात कामही लागेल, पण पुढच्या शिक्षणाला तो कागद चालत नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा ३ वर्षांचा, ६ सेमिस्टरचा. तो झाला की डीसीईटी ही कर्नाटकातली डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

वडिलांनी मग मधला रस्ता काढला: "आधी आयटीआयचा कोपा करू दे, मग डिप्लोमा." कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. ट्रेड चांगला आहे. ऑफिस पॅकेज, वेब पेज, जावास्क्रिप्ट, नेटवर्किंगची तोंडओळख, आणि सर्टिफिकेट देशभर चालणारं. पण तो १ वर्षाचा, आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो तो दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय केलेल्यांना. कोपा करून गेलेली मुलं पुन्हा पहिल्याच वर्षात बसतात. हा हिशेब बहुतेक घरांत चुकतो. हार्डवेअरची आवड असेल तर आयसीटी सिस्टिम मेंटेनन्स हा २ वर्षांचा ट्रेड जवळपास कुठे आहे का ते विचारावं. गणित अगदीच नको असेल तर पीयूसी (अकरावी-बारावी) वाणिज्यला कॉम्प्युटर सायन्स घेऊन पुढे बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी.

या मुलीचं गणित बरं होतं, म्हणून डिप्लोमाच सुचवला. राहिला प्रश्न इंग्रजीचा. मराठी माध्यमाची मुलं पहिल्या सेमिस्टरला अडकतात ती बहुतेक प्रोग्रॅमिंगमध्ये नाही, गणितात. तेही गणित येत नाही म्हणून नव्हे, प्रश्न काय विचारतोय ते कळत नाही म्हणून. तिला एवढंच करायला सांगितलं: शेजारच्या पोराचं इंग्रजी माध्यमाचं दहावीचं गणिताचं पुस्तक आणायचं आणि रोज एक उदाहरणसंग्रह त्यातून सोडवायचा. गणितं तीच, झालेली; नवे फक्त शब्द. वर्गसमीकरणाचं क्वाड्रॅटिक इक्वेशन, जीवेची कॉर्ड. प्रवेश होईपर्यंत पुस्तक उरकतं.

कन्नड टाळून बेळगावात नोकरी शोधू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पंचायत असो की तलाठ्याचं ऑफिस, अर्ज कन्नडमध्येच भरावा लागतो. टायपिंग शिकायचं तर इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर शिकावं. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांची मांडणी एकच असते: इंग्रजी के च्या कळीवर मराठीत क, कन्नडमध्येही क, एचवर प, जेवर र, हलन्त डीवर. बोटं मराठीला सरावली की कन्नडसाठी फक्त कीबोर्डची भाषा बदलायची.

महाराष्ट्रात डिप्लोमा करायचा विचार असेल तर सीमावादातल्या ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी तिथल्या प्रवेशात वेगळा उमेदवार प्रकार आहे. त्यासाठी गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषेचा, असे दोन्ही दाखले लागतात. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा आधीच काढून ठेवावेत.

पत्रकवाल्यांनी वडिलांकडे सीट पक्की करायला मूळ मार्क्स कार्ड आणि टीसी मागितली होती. ती देऊ नका म्हणून सांगितलं. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद फक्त दाखवावेत. एकदा ते क्लासच्या कपाटात गेले की पॉलिटेक्निकच्या कागदपत्र तपासणीला मुलगी रिकाम्या हातानं उभी राहते, आणि परत मागायला गेलं की आधी उरलेली फी मागतात.