यंत्र आलं, आता माणसांचं काय?

प्रश्न : इंदूरला सांवेर रोडवर आमचा शेव-नमकीनचा कारखाना आहे. पाउच भरायला बारा बायका आहेत. ऑटोमॅटिक पॅकिंग मशीन घेतलं तर त्यांना काढावं लागेल का?

उत्तर : तेवढीच शेव त्याच गिऱ्हाइकांना विकणार असाल, तर हात कमी लागतील. पण पाउचमध्ये नायट्रोजन भरणारं मशीन घ्या. आतला प्राणवायू हटला की तेल लवकर खवट होत नाही, माल टिकतो, नागपूर-पुण्यापर्यंत धाडता येतो. खप वाढला की कढईवर, मसाल्याला, गाडी भरायला माणसं लागतातच. नुसता खर्च वाचवणारं तंत्र वेगळं आणि नवा बाजार उघडणारं वेगळं. युरोपातल्या कंपन्यांच्या अभ्यासातही नव्या मालामुळे रोजगार वाढलेला दिसतो. एक गोष्ट मात्र मला सतत टोचते. तुमचा वाढलेला खप शेजारच्या छोट्या भट्टीचाही असू शकतो. तिथे बुडालेलं काम तुमच्या हजेरीपटावर दिसत नाही. आणि वजन, सील तपासायला बाहेरून कुणाला आणण्याआधी या बारा जणींना शिकवा. चुरा झालेली शेव त्यांच्या हाताला कळते.

प्रश्न : वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मशीनांनी मिल खाल्ली, असं घरी म्हणतात. खरं का?

उत्तर : मला उलट वाटतं. त्या काळात देशभरातल्या कितीतरी गिरण्या जुनाट यंत्रांवर चालत राहिल्या आणि पॉवरलूमच्या स्वस्त कापडापुढे हरल्या. यंत्र न बदलल्यानंही नोकरी जाते, तीही सगळ्यांची एकदम. मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या सुमारे २२४ कोटींच्या देण्यांचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. हे दुःख यंत्राच्या माथी मारून चालणार नाही.

प्रश्न : पीथमपूरला वेल्डर आहे. रोबो येणार म्हणतात. आम्हाला आधी सांगायला नको का?

उत्तर : हवंच. यंत्रसामग्रीतल्या बदलानं कपात होण्याची शक्यता असेल, तर मालकानं २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. छाटणी झालीच, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. ठेकेदाराकडे असाल तर पगारस्लिपा आणि पीएफ नंबर जपून ठेवा, दादा. त्यांच्यावाचून हक्क सिद्ध करताना दमछाक होते. रोबोला जोडाची वाट शिकवायला, कच्चा जोड ओळखायला वेल्डरचीच नजर लागते. ट्रेनिंगच्या यादीत नाव घालायला सुपरवायझरला आजच सांगा.