रंक्स-१ वर काम सुरू करण्याआधी

परळ, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिल्याच ओळीत तू रंक्स-१ ला ‘कॅन्सरचं जनुक’ म्हटलं आहेस. ते खोड. हे रक्त घडवणारं जनुक आहे आणि त्याचं मूळ काम कळल्याशिवाय त्यातला बिघाड कळायचा नाही.

म्हणून आधी गर्भाकडे बघ. गर्भातल्या महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, अस्तरातल्या काही पेशी तिथून सुटतात आणि रक्ताच्या स्टेम सेल, म्हणजे सगळ्या रक्तपेशींच्या मूळ पेशी, बनतात. ही कलाटणी रंक्स-१ शिवाय मिळत नाही. १९९६ साली उंदरांत हे जनुक निकामी केलं, तेव्हा साधारण साडेबाराव्या दिवशी गर्भ दगावले. पीतककोशातल्या (गर्भाला जोडलेल्या पिशवीतल्या) सुरुवातीच्या तांबड्या पेशी होत्या, पण आयुष्यभर पुरणारं रक्त सुरूच झालं नव्हतं. पुढे २००९ साली दिसलं, की स्टेम सेल एकदा तयार झाल्यावर हेच जनुक काढलं तर रक्त बनत राहतं. जनुक तेच, फक्त वेळ वेगळी! मला तरी या विषयात याहून मोलाचं काही वाटत नाही.

आता कॅन्सर, म्हणजे इथे ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. ८ आणि २१ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवली. त्यातून रंक्स-१ चा डीएनए पकडणारा भाग दुसऱ्याच प्रथिनाला जोडला जातो. हे जोडप्रथिन डीएनएवर नेहमीच्याच जागी बसतं, पण जी जनुकं चालू व्हायची तीच पुष्कळदा दाबून टाकतं. पेशी अर्धवट वयातच अडकतात. अशा रुग्णाची बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) स्लाइड मागून घे. अपक्व पेशींत लांब, बारीक, निमुळत्या टोकांचे औअर रॉड, म्हणजे पेशीतल्या सूक्ष्म काड्या, शोध. सिक्वेन्सिंगचा (डीएनए वाचनाचा) अहवाल नंतर उघड.

लहान मुलांच्या ल्युकेमियात रंक्स-१ ची १२ व्या गुणसूत्राशीही जोड सापडते. ती बऱ्याचदा जन्माआधीच झालेली असते, तरी अशा बहुतेक बाळांना पुढे ल्युकेमिया होत नाही. म्हणजे ल्युकेमिया व्हायला आणखी एक घाव लागतो. हा दुसरा घाव कोणता, हा प्रश्न आराखड्यात घाल.

आणि ओपीडीत बसशील तेव्हा घरात कुणाच्या प्लेटलेट कमी आहेत का, हे जरूर विचार. रंक्स-१ मधला दोष काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. रुग्णाला मॅरो द्यायला गावाहून परळला आलेला धडधाकट भाऊही तो बाळगून असू शकतो. असा संशय आला, तर दाता ठरवण्याआधी त्याची जनुकीय तपासणी व्हायलाच हवी.

तुझी,
मॅडम