मुंबईत गोरेगाव पूर्वेच्या जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाला ज्यांचं नाव आहे, ते जनरल वैद्य कोण होते?

आपल्या शेजारच्या अलिबागचे. जन्म १९२६. १९८३ ते १९८६ या काळात ते भारताचे लष्करप्रमुख होते. पण त्यांची खरी ओळख रणगाड्यांवरची, असं मला वाटतं.

१९६५ च्या युद्धात ते डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे कमांडर होते. पंजाबच्या खेमकरण भागात असल उत्तर या गावाजवळ समोर पाकिस्तानचे नवेकोरे पॅटन रणगाडे, आणि यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. तरीही पॅटनचा हल्ला तिथेच मोडला आणि वैद्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये शकरगढ भागात ते चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते. भूसुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्यांनी रणगाडे पलीकडे नेले आणि दुसरं महावीर चक्र मिळवलं. हा मान दोनदा मिळवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच!

ते लष्करप्रमुख असताना, जून १९८४ मध्ये, अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या खलिस्तानी अतिरेक्यांविरुद्धची लष्करी कारवाई, म्हणजे ऑपरेशन ब्लू स्टार, झाली. तिचा सूड म्हणून निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात मोटारसायकलवरून आलेल्या हल्लेखोरांनी गोळ्या घालून त्यांची हत्या केली. ते स्वतःच गाडी चालवत होते, शेजारी पत्नी होत्या. त्या जखमी झाल्या.

या रस्त्याने दिंडोशीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला, निदान शाळकरी मुलांना तरी, असल उत्तरची लढाई माहीत असायलाच हवी.