गणित जमत नाही, म्हणजे नेमकं काय जमत नाही?

"मॅडम, दहावीला गणितात ९१ होते हिला. आता पहिल्या चाचणीत २५ पैकी ४. झेपणार नसेल तर आत्ताच आर्ट्सला टाकू का?"

गणपतीच्या सुमारास हा प्रश्न दर वर्षी माझ्यासमोर येतो, विचारणारे पालक तेवढे बदलतात. या वेळची आई आशा सेविका होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी मराठी माध्यमातून दहावी झालेली, तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला. आई बोलत होती तोवर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला विचारलं तर एवढंच म्हणाली, "मला गणित जमतच नाही."

हे वाक्य मी तसंच्या तसं कधीच धरत नाही. पोटात दुखतंय म्हटलं की डॉक्टर चाचपून कुठे ते बघतात. मी वही मागते.

वहीत सरळ रेषेचा धडा होता. प्रश्न असा: (२, ३) आणि (−१, ९) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण लिहा. तिच्या वहीत अक्षरं इंग्रजी होती, मी इथे क्ष आणि य लिहिते. चढ म्हणजे रेषेचा तिरपेपणा: वर य मधला फरक, खाली क्ष मधला. तो काढताना तिने वर ९ − ३ = ६ घेतले होते आणि खाली २ − (−१) = ३. म्हणून चढ २. मग य − ३ = २(क्ष − २), आणि उत्तर य = २क्ष − १. त्यावर लाल फुली आणि शून्य गुण.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. सूत्र बरोबर, कंस सोडवणं बरोबर. चूक एकच होती. वर दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा केला होता आणि खाली पहिल्यातून दुसरा. वर-खाली क्रम एकच हवा. पुढच्या सहा उदाहरणांपैकी चारांत हेच घडलेलं.

"खाली उलट का घेतलंस?"

बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "उणे एकमधून दोन कसे घालवायचे? मोठ्यातून लहान वजा केला."

दुसरीतली सवय! तिथे मोठ्यातून लहान वजा करायला आपणच शिकवलं होतं, आणि अकरावीत तीच सवय तिचे गुण खात होती.

चूक मी सांगितली नाही. एवढंच म्हटलं, रेषा दोन्ही बिंदूंतून जाते ना, मग दुसरा बिंदू तुझ्या समीकरणात घालून बघ. तिने क्षच्या जागी −१ घातला आणि आलं −३. "नऊ यायला हवे होते," ती पुटपुटली. मग न सांगता पेन्सिल घेऊन तिने अक्ष आखले, दोन ठिपके दिले, पट्टी लावली. डावा ठिपका वर, उजवा खाली. "ही तर उतरतेय. चढ ऋण पाहिजे." ६ भागिले −३, म्हणजे −२. य − ३ = −२(क्ष − २), आवरून २क्ष + य = ७. या वेळी (−१, ९) तिने स्वतःच घालून बघितला: −२ + ९ = ७. ओढणी बोटातून सुटली होती.

दुसरी गोष्ट भाषेची. दहावीच्या भूमितीत ती 'रेषेचा चढ' शिकली होती, त्यावर गुणही मिळवले होते. वर्गात सर 'स्लोप' म्हणत होते आणि हा तोच चढ आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांत माध्यम बदलायला लावायचं आणि वर मुलांच्या डोक्यालाच नावं ठेवायची, याची मला मनापासून चीड येते. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही जोड्या लिहिल्या: स्लोप म्हणजे चढ, ओरिजिन म्हणजे आरंभबिंदू, कोलिनिअर म्हणजे एकरेषीय. इंटरसेप्ट तिने पहिल्यांदाच ऐकला होता, तो आकृतीवर दाखवला: रेषा अक्षाला कापते ती जागा.

आई हे सगळं बघत होती. तिच्या पिशवीत थर्मामीटर होता. मी मुलीला म्हटलं, बर्फ वितळतो ० सेल्सिअसला, म्हणजे ३२ फॅरनहाइट. पाणी उकळतं १०० ला, म्हणजे २१२. हेही दोन बिंदूच. काढ समीकरण. १८० भागिले १००, चढ ९/५. फ = (९/५)स + ३२.

"मग ३८ म्हणजे किती?" आईनेच विचारलं.

"शंभर पॉइंट चार."

"बरोबर," आई म्हणाली. "तिथून आम्ही ताप धरतो."

शाखा बदलण्याबद्दल मी आईला सरळ सांगितलं: आवडीने बदलायची असेल तर खुशाल बदला, ते मुलीला विचारा. पण या चार गुणांवरून नको. मुलीला विचारलं तर तिला सायन्सच हवं होतं. तिला काम एकच दिलं. रोज दोन बिंदू घ्यायचे, समीकरण लिहायचं आणि दोन्ही बिंदू परत घालून बघायचे.

तीन आठवड्यांनी ती एकटीच आली. प्रत्येक उत्तराखाली दोन छोट्या बरोबरच्या खुणा. एका ठिकाणी खाडाखोड दिसली: बिंदू (४, १) आणि (४, ७).

"इथे खाली शून्य आलं," ती म्हणाली. "शून्याने भागता येत नाही. म्हणून सूत्र ठेवलं बाजूला आणि काढून बघितली. उभी आहे, मॅडम. क्ष बरोबर चार, बास."