पायी पायी : ल्युब्ल्यानात तीन दिवस जास्त होतील का?

प्रश्न : बाई, नमस्कार. मे महिन्यात आम्ही दोघं व्हिएन्नाला लेकाकडे जातोय. तिथून स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्ल्याना इथे तीन दिवस राहायचा बेत आहे. लेक म्हणतो, "बाबा, ते गाव अर्ध्या दिवसात संपतं." हिचा गुडघा दुखतो. दोघंही शाकाहारी. दिवस कमी करू का? गाडी भाड्याने घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गाडी घेऊ नका आणि दिवसही कमी करू नका. व्हिएन्नाहून थेट रेल्वे आहे, सहा तासांच्या आसपास लागतात. लेकाचं अगदीच खोटं नाही म्हणा. वस्ती तीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या सोलापूरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पण अर्ध्या दिवसात संपतं ते फोटो काढणाऱ्यांचं गाव.

मी आणि माझी धाकटी बहीण चार दिवस होतो. पहिल्या सकाळी प्रेशेरेन चौकात उभी राहिले आणि सारखी मागे वळून बघत होते. नवी पेठेत वाढलेला कान, हॉर्नशिवाय रस्ता म्हणजे काहीतरी चुकतंय असंच वाटतं! २००७ पासून तिथल्या मध्यभागात मोटारींना बंदी आहे. सायकली मात्र येतात, आणि त्या आवाज न करता येतात. बहीण सायकलच्या पट्ट्यात उभी राहून नकाशा बघत होती, तर एक बाई तिला घासून गेली. चूक आमचीच. पट्टा ओळखायला पहिल्याच दिवशी शिका.

चौकापुढेच ट्रोमोस्टोव्ये, म्हणजे तीन पुलांचा जुडगा. मधला दगडी पूल १८४२चा. गर्दी वाढली तेव्हा तो पाडून रुंद करण्याऐवजी योझे प्लेच्निक या वास्तुरचनाकाराने १९२९ ते १९३२ मध्ये दोन्ही अंगांना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला. नदीकाठचा बाजारही त्याचाच, आणि विद्यापीठाचं ग्रंथालयही. ग्रंथालयाच्या दाराची मूठ जरूर धरून बघा. घोड्याचं तोंड आहे पितळी रंगाचं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. आत काळ्या दगडाचा जिना आणि ३२ खांब. अंधारातून उजेडाकडे चढत जायचं. मी भूगोलाची मास्तरीण, इमारतींतलं फारसं कळत नाही, पण त्या जिन्यावर बोलणं आपोआप हळू झालं.

चार ड्रॅगनांचा पूल पाच मिनिटांवर आहे. तो १९०१चा. १८९५च्या भूकंपानंतर गाव नव्याने उभं राहिलं त्या काळातला. तिथे फोटोसाठी रांग असते, सकाळी लवकर उरका.

आता गुडघा. जुन्या गावात फरसबंदी आहे, मऊ तळव्याचे बूट हवेत. किल्ल्यावर पायवाट जाते, पण बाजाराजवळून रेल्वेसारखा डबा वर नेतो, त्यानेच जा. आणि उतरतानाही त्यानेच या! आम्ही हौसेने पायी उतरलो आणि बहिणीने दुसरा दिवस बाकड्यावर काढला. दुखरा गुडघा चढणीपेक्षा उताराला जास्त बोलतो. मोटारबंदीच्या भागात 'कव्हालिर' नावाच्या विजेवरच्या छोट्या गाड्या मोफत फिरतात, दमलात तर हात करा.

तिसऱ्या दिवशी गावाभोवतीच्या पायवाटेचा एखादाच तुकडा चाला. १९४२ मध्ये इटालियन फौजेने सगळ्या शहराला काटेरी तारेचं कुंपण घातलं, ते मे १९४५ पर्यंत होतं. त्याच रेषेवर आता तीसेक किलोमीटरची वाट आहे, दोन्ही बाजूंना झाडं. लोक कुत्री घेऊन फिरतात. मला तिथे आपल्या सोलापुरात इंग्रजांनी लावलेला १९३०चा मार्शल लॉ आठवला, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून आपण भाजी घेऊन जातो तेही आठवलं.

खाण्याचं सांगते. 'ब्रेझ मेसा' हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. श्त्रुक्ली नावाच्या पिठाच्या वळकट्या असतात, आत पनीरसारखं ताजं चीज, त्या चालतील. कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी दिसायला निरागस, पण वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालायची पद्धत आहे, ते आधीच नको म्हणा. बाजारात कच्च्या दुधाचं यंत्र होतं. आम्ही बाटली भरून आणली आणि खोलीवर तापवून चहा केला. म्हणून स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद असतात, तेव्हा किराणा शनिवारी भरा.

एक गंमत, तुम्ही दोघं आहात म्हणून. त्यांच्या भाषेत आपल्या शाळेतल्या संस्कृतसारखं द्विवचन आहे, रोजच्या बोलण्यातलं. 'आवां गच्छावः' तसं नवराबायको म्हणतात, 'मिद्वा ग्रेवा', आम्ही दोघं जातो. फळवालीपुढे म्हणून बघा. आम्ही बायका असल्याने आमचं 'मिद्वे' व्हायला हवं होतं, तिने हसत हसत दुरुस्त केलं आणि ओंजळभर चेरी जास्त घातल्या.

आणि शेंगाचटणी न्या, मोठी पुडी. चरबी न घातलेल्या झ्गान्त्सींवर ती भुरभुरून आम्ही दोन रात्री जेवलो, तिसऱ्या रात्री पुडी संपली होती.